पहिली मोटारसायकल

परवा माझा पुतण्या माझ्याकडे आला. त्याला नुकतीच पहिली नोकरी लागली आहे आणि मोटारसायकल चालविण्याचा पक्का परवानाही हाती आला आहे. फोनवरील सहा मोटारसायकलींची चित्रे त्याने मला एकामागून एक दाखविली आणि विचारले, "काका, यांतली कोणती घेऊ?"

सहाही यंत्रे देखणी होती. कोणाची शक्ती किती, कमाल वेग किती, हे सारे त्याला मुखोद्गत होते. मी विचारले, "यांपैकी एकीवर तरी बसून पाहिलेस का?" तो हसून म्हणाला, "बसून काय पाहायचे? सगळी माहिती इथे आहे की!"

श्रोतेहो, तरुण मनाची गल्लत होते ती नेमकी येथे. आपण चालवू शकू असे वाहन ते शोधत नाही; ज्यावर आपण शोभून दिसू, असे वाहन ते शोधते. पूर्वी घोड्यावर बसावयास शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी कोणी तेज जनावर देत नसे. आधी गरीब तट्टू, मग मांड पक्की झाली की घोडा. पहिली मोटारसायकल हे असेच तट्टू होय. नवशिक्याच्या हातून चुका होणारच. त्या पोटात घालील अशी गाडी त्याने निवडावी.

पहिली गोष्ट उंचीची आणि वजनाची. बैठकीवर बसले असता दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. १०० घन सेंटीमीटरची साधी गाडी ११० किलोंच्या आसपास भरते. ३५० ची भारदस्त गाडी १९० किलोंच्या घरात जाते. धावत्या गाडीचे वजन फारसे जाणवत नाही. ते जाणवते थांबताना, वळविताना, चढावर पाय टेकताना. आणि नवशिक्या अडखळतो तोही तेथेच.

दुसरी गोष्ट शक्तीची. खड्ड्यात चाक आदळले की नवख्याचे मनगट नकळत पिळले जाते. साधी गाडी अशा वेळी थोडा हिसका देऊन सांभाळून घेते. तिच्या पाचपट शक्तीची गाडी स्वाराला घेऊन उधळते. शिवाय वेगाचे गणित फसवे असते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० ने गेलो, तर वेग दीडपटच वाढतो. परंतु ब्रेकला जी गतिज ऊर्जा जिरवावी लागते ती सव्वादोनपट होते. ताशी ६० ने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. समोर गाय आली हे मनाला उमगेपर्यंतच तेवढा रस्ता संपलेला असतो. नव्याने शिकणाऱ्याला १०० ते १५० घन सेंटीमीटरची गाडी पुरेशी आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

तिसरी गोष्ट ब्रेकची. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ घन सेंटीमीटरहून मोठ्या नव्या दुचाकींना, जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय करावी लागली. जुनी गाडी घेणाऱ्याने तिचे साल याकरिता अवश्य पाहावे. जुनी गाडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. पहिल्या गाडीला ओरखडे पडणारच. ते आधीचेच असले तर जीव कमी हळहळतो. मात्र विश्वासू मिस्त्रीला ती दाखवावी आणि सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा.

आणि हाती असलेला सगळा पैसा गाडीतच घालू नये. त्यातून आधी हेल्मेटचे पैसे बाजूला काढावेत: आय.एस.आय. शिक्क्याचे, डोक्याला घट्ट बसणारे, आणि मागे बसणाऱ्यासाठी आणखी एक. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर होती.

हे सारे मी पुतण्याला सांगितले. तो ऐकत होता, पण त्याची नजर फोनवरच्या चित्राकडे वळत होती. तेव्हा इतकी वर्षे घरात कोणी न काढलेली गोष्ट मी काढली.

मी विशीत असताना मित्राची भली दांडगी मोटारसायकल मागून घेतली, धाकट्या भावाला मागे बसविले आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढू लागलो. एका वळणावर वरून एस.टी. आली म्हणून थांबलो. पाय टेकावयास गेलो, तो उताराच्या बाजूला जमीन पायाला लागेना. गाडीचा वेग त्या क्षणी शून्य होता. ती अगदी सावकाश कलली, आणि भावाचा पाय तिच्याखाली सापडला.

तो भाऊ म्हणजे या मुलाचा बाप. तो आजही किंचित लंगडतो. "लहानपणी पडलो होतो," एवढेच त्याने मुलाला आजवर सांगितले होते. माझे नाव त्याने कधी घेतले नाही.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फोन खिशात ठेवला.

रविवारी आम्ही तिघे दुकानात गेलो. पुतण्या एका साध्या गाडीवर बसला. विक्रेता तिचे गुण सांगू लागला होता. माझ्या भावाचे तिकडे लक्ष नव्हते. अवघडल्या पायाने तो खाली वाकला आणि मुलाच्या दोन्ही टाचा जमिनीला लागल्या आहेत की नाहीत, हे त्याने हात लावून पाहिले.