सभागृहातील दिव्यांची तयार वायरिंग
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सभागृहाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की झुंबर कोणते, प्रकाश पांढरा की पिवळसर, देणगीदारांच्या नावांची पाटी कोठे, यांवर आपल्यात तासन् तास चर्चा होते. छतामागील तारांविषयी मात्र कोणी शब्द काढीत नाही. त्यांचा निर्णय निविदेतील सर्वांत लहान आकड्यावर सोपविला जातो. वास्तविक लग्नकार्यास जमलेल्या चार-पाचशे माणसांची सुरक्षितता झुंबरात नसून त्या तारांच्या सांध्यांत असते. यास्तव आज सांध्यांविषयीच बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतो.

तार सहसा मध्येच बिघडत नाही; बिघडतो तो सांधा. तीस वॅटचे ४० दिवे लावले तर २३० व्होल्टवर सुमारे पाच अँपिअर प्रवाह वाहतो. त्या वाटेवरील एखाद्या ढिल्या सांध्यात अवघा अर्धा ओहम रोध राहिला, तर शालेय सूत्राप्रमाणे तेथे साडेबारा वॅट उष्णता सतत उत्पन्न होते. डाग देण्याच्या लहान, २५ वॅटच्या इस्त्रीच्या निम्मी उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत आणि छताआड! फ्यूज किंवा एमसीबी यांना तिचा पत्ता लागत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे मृत्युमुखी पडली. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या, हे त्याचे एक कारण खरेच; परंतु आगीचे मूळ रोहित्राच्या केबलच्या ढिल्या जोडात होते. त्याच सकाळी झालेल्या दुरुस्तीत केबलचे टोक दाबयंत्राने न बसविता हातोडीने बसविले गेले होते, असे त्या खटल्यात पुढे आले. जोड लहान असतो. त्याचे मोल लहान नसते.

आता आपल्या ४० दिव्यांचा हिशेब करू. प्रत्येक दिव्यात फेज, न्यूट्रल व अर्थिंग अशा तीन तारा येतात आणि तीन पुढे जातात. म्हणजे शिडीवर उभे राहून, मान वर करून, सुमारे २४० टोके सोलावयाची व आवळावयाची. तयार वायरिंगमध्ये ही टोके कारखान्यातच यंत्राने बसवून, तपासून येतात. छतापाशी केवळ प्लग सॉकेटमध्ये बसविणे उरते.

मात्र तयार वस्तू म्हणजे डोळे मिटून घेण्याची वस्तू नव्हे. पहिली गोष्ट मापाची. तार जमिनीवरून जात नाही. ती चढते, वळते, उतरते. त्या वाटेने माप घ्यावे. तुकडा आखूड पडला तर वाया जातो, आणि फार लांब घेतला तर त्याची वेटोळी छतात कोंबली जातात.

दुसरी गोष्ट तारांच्या संख्येची. दिवे नुसते लावावयाचे व मालवावयाचे असतील तर तीन तारा पुरतात. व्याख्यानाच्या वेळी व्यासपीठ उजळ व सभा मंद ठेवावयाची असेल, तर ‘डाली’ या नियंत्रणपद्धतीसाठी आणखी दोन, अशा पाच तारा लागतात. या पद्धतीच्या एका वाहिनीवर ६४ दिवे चालतात व दीड चौरस मिलिमीटर तारेवर ती ३०० मीटरपर्यंत जाते. आपत्कालीन दिव्यांस स्विचने बंद न होणारी फेज वेगळी हवी. हे सर्व मागणी देण्यापूर्वीच ठरले पाहिजे. मागाहून तार वाढविता येत नाही.

तिसरी गोष्ट जोडाची. प्लग व सॉकेट एकाच कारखान्याचे असावेत, बसल्यावर खटका लागून पक्के व्हावेत, आणि चुकीचे दोन भाग एकमेकांत बसूच नयेत अशी त्यांची घडण असावी. आयईसी ६१५३५ हे मानक अशाच जोडांसाठी आहे. त्याचा उल्लेख निविदेत करावा. हे जोड म्हणजे स्विच नव्हेत. वीज चालू असताना ते ओढून काढू नयेत.

कोषाध्यक्ष म्हणतील, हे महाग पडते. साहित्य महाग पडते खरे. परंतु शिडीवरील दिवस वाचतात, आणि पुढे दिवा बदलताना सभागृह फार काळ बंद ठेवावे लागत नाही. पाच दिव्यांच्या कचेरीसाठी किंवा जुन्या भिंतीतील नळ्यांसाठी मात्र आम्ही ही पद्धत सुचविणार नाही. त्या नळ्यांतून प्लग जाणारच नाही.

आपल्यातील वायरमन बंधूंस आपले काम जाईल अशी शंका येणे साहजिक आहे. ते काम जात नाही. मुख्य पुरवठ्याशी जोडणी, एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, अर्थिंगची परीक्षा ही जबाबदारीची कामे परवानाधारक माणसाचीच राहतात. टोके आवळण्यातून वाचलेला वेळ त्यांनी परीक्षेस द्यावा.

तेव्हा आमची कार्यकारी मंडळास एवढीच विनंती आहे: निविदा उघडताना दिव्यांच्या किमतीबरोबर प्रत्येक ठेकेदारास, जागेवर हाताने किती सांधे करणार, हेही विचारावे आणि ते उत्तर लेखी घ्यावे. त्या छताखाली आपलीच मुले बसणार आहेत.