उंचीवरचा कामगार आणि त्याची दोरी

बांधकाम कामगारांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण



शहरातील कोणत्याही मोठ्या बांधकामाच्या दाराशी 'सुरक्षा प्रथम' असा फलक असतो. आत गेल्यावर परांचीवरच्या कामगारांच्या अंगावर पट्टेही दिसतात. पण मान वर करून नीट पाहिले तर अनेकांच्या पट्ट्याची दोरी पाठीमागे नुसती लोंबत असते. हूक कशातच अडकवलेला नसतो. हा देखावा कामगाराच्या बेपर्वाईचा पुरावा म्हणून दाखविला जातो. "आम्ही बेल्ट दिले, हे लोक लावत नाहीत," असे व्यवस्थापक सांगतो आणि चौकशी तेथेच संपते. खरे पाहता ती तेथून सुरू व्हावयास हवी. हूक का अडकवला गेला नाही, या प्रश्नाचे उत्तर कामगाराच्या स्वभावात सापडत नाही. ते त्याच्या हातात दिलेल्या साधनात आणि त्याच्या मजुरीच्या हिशेबात सापडते.

उंचीवरून पडणाऱ्या माणसाला वाचविणाऱ्या व्यवस्थेचे तीन भाग असतात. पहिला, इमारतीतील भक्कम आधार. दुसरा, अंगावरचा पट्टा. आणि तिसरा, या दोहोंना जोडणारे साधन, म्हणजे जोडदोरी आणि तिचे हूक. पट्टा डोळ्यांना दिसतो, छायाचित्रात येतो, तपासणीच्या कागदावर त्याची नोंद होते. जोडणीकडे मात्र कोणी पाहत नाही. पट्टा कितीही उत्तम असला तरी जोडणी चुकीची असेल तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून जोडणीची निवड हा या प्रश्नाचा गाभा आहे.

ही निवड तज्ज्ञांनाच कळते, हा समज आधी दूर केला पाहिजे. तिचे गणित शाळेतले आहे. दोन मीटर पडलेल्या माणसाचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होतो, आणि त्याला लागणारा वेळ पाऊण सेकंदाहूनही कमी असतो. ८० किलो वजनाचा माणूस दोन मीटर पडला आणि साध्या दोरीने त्याला २० सेंटिमीटरमध्ये थांबविले, तर त्याच्या शरीरावर येणारा सरासरी ताण त्याच्या वजनाच्या अकरापट, म्हणजे ८८० किलोंच्या भाराइतका असतो. हेच थांबणे एक मीटर अंतरात विभागले गेले, तर ताण तिपटीवर येतो. दोरी तुटली नाही म्हणजे माणूस वाचला, असे नव्हे. न तुटणारी दोरीच त्याचा कणा मोडू शकते. एवढ्यासाठी जोडदोरीत घडी घालून शिवलेली धक्काशोषक पट्टी असते. धक्का बसताच तिची शिवण उसवत जाते आणि माणूस सावकाश थांबतो. युरोपीय मानकाने हा ताण ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलोंच्या भाराच्या आत ठेवण्याचे बंधन घातले आहे. एकदा उसवलेली जोडदोरी पुन्हा वापरावयाची नसते. केवळ कमरेला बांधावयाचा पट्टा तर हा ताण पोटावर घेतो. अमेरिकेत बांधकामावर पडणाऱ्याला थांबविण्यासाठी असा कमरपट्टा वापरण्यास १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. आपल्याकडील लहान बांधकामांवर तो आजही कामगाराच्या गळी मारला जातो.

येथून दुसरा प्रश्न निघतो: पडावयास जागा किती आहे? दोन मीटरची जोडदोरी पायाशी असलेल्या आधाराला अडकवली आहे असे समजू. दोरीची लांबी दोन मीटर. धक्काशोषक पट्टी जास्तीत जास्त उसवली तर पावणेदोन मीटर. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतची उंची दीड मीटर. आणि सुरक्षित अंतर म्हणून एक मीटर. बेरीज सव्वासहा मीटर होते. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरांचा असतो. म्हणजे पहिल्या स्लॅबच्या कडेला उभ्या असलेल्या सेंटरिंग कामगाराला ही जोडदोरी देणे म्हणजे जमिनीवर आदळल्यानंतर थांबविणारी दोरी देणे होय. तोच हूक पायांपासून दोन मीटर उंचीवर अडकवला तर पायांखाली सव्वाचार मीटर जागा पुरते. तरीही ती एका मजल्याहून अधिकच आहे. अशा ठिकाणी कामगार कडेपर्यंत पोहोचूच शकणार नाही इतकी आखूड दोरी हवी. किंवा ज्याला बांधकामावर फॉल अरेस्टर म्हणतात, ते आपोआप गुंडाळले जाणारे आणि झटका बसताच अडकणारे साधन डोक्यावर हवे. युरोपीय मानकाच्या चाचणीत ते माणसाला दोन मीटरांच्या आत थांबविते. मात्र ते डोक्याच्या सरळ रेषेत असले पाहिजे. बाजूला फार दूर गेलेला माणूस पडला तर लंबकासारखा झोके खाऊन खांबावर आदळतो.

तिसरा प्रश्न हूकचा. परांचीच्या नेहमीच्या लोखंडी पाइपाचा बाहेरील व्यास ४८ मिलिमीटर असतो. स्वस्त जोडदोरीच्या लहान हूकचे तोंड दोन सेंटिमीटरच्या आसपास उघडते. हा हूक त्या पाइपात जाणारच नाही. मग कामगार तो बांधणीच्या तारेत अडकवितो, किंवा दोरीच पाइपाभोवती फिरवून हूक दोरीत अडकवितो. पहिल्या प्रकारात आधार नसतो, दुसऱ्यात दोरी कापली जाते. तिसरा मार्ग म्हणजे हूक मोकळा सोडणे. हूक लावला नाही म्हणून ज्याला दोष दिला जातो, त्याच्या हातात न लागणारा हूक दिलेला असतो, याची नोंद कोणत्याही अपघाताच्या अहवालात सहसा येत नाही. परांचीसाठी पाइप सहज कवेत घेणारा मोठा हूक हवा, आणि तो दुहेरी कुलूप असलेला हवा, म्हणजे दाब पडताच आपोआप उघडणार नाही. परांची उभारणाऱ्याला दोन शाखांची जोडदोरी हवी: एक हूक सोडण्यापूर्वी दुसरा लागलेला असेल, आणि कोणत्याही क्षणी माणूस मोकळा राहणार नाही. वेल्डिंगच्या ठिणग्यांखाली नायलॉन वा पॉलिएस्टरची दोरी वितळते, तेथे पोलादी तार लागते. पण विजेच्या वाहिनीजवळ तीच तार प्राणघातक ठरते. एकच दोरी सर्वांना, ही समता नव्हे. ती केवळ खरेदीची सोय आहे.

ही सोय कोणाची? बांधकामाची साखळी सर्वांना परिचित आहे. विकासक काम कंत्राटदाराला देतो, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला, आणि तो मुकादमाला. प्रत्येक पायरीवर सर्वांत कमी भावाची निविदा स्वीकारली जाते. सिमेंट वा सळई यांत फार कपात करता येत नाही, कारण ती इमारतीत दिसते. कपात होते ती जोडदोरीसारख्या वस्तूत, कारण तिच्या अभावाची किंमत कंत्राटदार मोजत नाही. ती मोजते बीड, बिहार वा बंगालमधील एखादे कुटुंब. अर्थशास्त्रात याला खर्च दुसऱ्यावर ढकलणे म्हणतात. नफा खाजगी आणि अपघात कामगाराचा, असा हा व्यवहार आहे.

त्याहूनही खोलवर दडलेला प्रश्न वेळेचा आहे. समजा, परांचीवरील कामगार दिवसातून २०० वेळा जागा बदलतो आणि हूक सोडून पुन्हा लावण्यास त्याला प्रत्येक वेळी दहा सेकंद लागतात. एकूण २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक वेळ झाला. कामगार रोजंदारीवर असेल तर हा वेळ मालकाचा. पण काम अंगावर घेतलेले असेल, चौरस फुटावर मजुरी ठरली असेल, तर हा अर्धा तास कामगाराच्या खिशातून जातो. आपल्या सुरक्षिततेचे मोल त्याला रोज आपल्याच मजुरीतून भरावे लागते. अशा माणसाला सुरक्षेवर प्रवचन देणे हे क्रौर्य आहे. सुरक्षेसाठी लागणारा वेळ मजुरीच्या दरात धरला गेला पाहिजे, ही मागणी या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे. कामगार संघटनांनी आजवर भरपाईसाठी जितके लढे दिले, तितके या मागणीसाठी दिलेले नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. उंचीवरून पडण्याचा धोका असेल तेथे कठडा वा अन्य उपाय करण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याने घातले होते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. या संहितेनुसार सुरक्षेच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत, आणि सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे ते २५० वा अधिक कामगार असलेल्या बांधकामावर. गल्लीबोळात उभ्या राहणाऱ्या इमारतींवर वीस-पंचवीस माणसे काम करतात. तेथे संघटनेचा कार्यकर्ता पोहोचला नाही, तर कोणीच पोहोचत नाही.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. जोडदोरी हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनी क्रम स्पष्ट केला आहे: शक्य तर उंचीवरचे काम टाळा; नाही तर पडणेच रोखा; तेही अशक्य असेल तर पडल्यावरची हानी कमी करा; आणि प्रत्येक टप्प्यावर वैयक्तिक साधनापेक्षा सामूहिक संरक्षणाला अग्रक्रम द्या. कठडा आणि जाळी सर्वांना वाचवितात; त्यांना कोणाच्या आठवणीची वा सवयीची गरज नसते. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना त्याखाली जाळी ताणली होती, आणि तिने १९ कामगारांना वाचविले. परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक भली मोठी परांची कोसळली, तिच्या भाराने जाळी फाटली आणि दहाजण दगावले. जाळी असो वा दोरी, तिला किती भार पेलावयाचा आहे याचा हिशेब आधी केलाच पाहिजे. आधाराचेही तसेच आहे. अमेरिकी नियम एका माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो भार पेलणारा आधार मागतो, किंवा पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली दुपटीच्या हिशेबाने रचलेली व्यवस्था. खिडकीचे गज वा परांचीला बांधलेली तार यांपैकी कशातही बसत नाही. आणि दोरीने थांबविलेल्या माणसाला लवकर खाली उतरविण्याची योजनाही आधीच हवी. पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्याचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढच्या वेळी बांधकामावर जाताना पत्रकांबरोबर मोजपट्टीही न्यावी. आधारापासून खाली किती मोकळी जागा आहे, हे कामगारांसमक्ष मोजावे. हूक पाइपात जातो की नाही, हे लावून पाहावे. दोरीवर मानकाचा शिक्का आहे का, शिवण उसवली आहे का, पट्टा खरेदी करताना एकाही कामगाराला विचारले होते का, हे विचारावे आणि उत्तरे लिहून ठेवावीत. मागण्या तीनच असाव्यात. सुरक्षेच्या साधनांचा खर्च निविदेत स्वतंत्र धरावा आणि तो स्पर्धेतून वगळावा. हूक लावण्याचा वेळ मजुरीत मोजावा. आणि जोडणीच्या निवडीत, ती अंगावर घेऊन वर चढणाऱ्या कामगाराचा प्रतिनिधी असावा. यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक म्हणता येणार नाही. पण ती पहिल्यांदा मांडली जाईल त्या दिवशी मालक कोणत्या मागणीला सर्वांत जास्त विरोध करतो हे नीट पाहावे. तो विरोध बहुधा दोरीच्या किमतीला नसेल. दोरी कोणी निवडावयाची, या अधिकाराला असेल.