बसल्या बसल्या नव्हे, कष्टानं : विणकाम, बाळंतविडा आणि घरातली मनी

(जयसिंगपूर इथं झालेल्या बचत गटांच्या मेळाव्यात विणकाम शिकवणाऱ्या ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून खसखस पिकली. "विणकाम आणि मांजर? हा काय विषय झाला व्हय?" असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. पण हात वर करा बघू. घरात लोकर किंवा क्रोशाची सुई आहे अशा किती जणी? आणि घरात मांजर आहे अशा? बघा, निम्मे हात दोन्ही वेळेला वर आले. आपल्या घरात धान्याची पोती असतात. धान्य आलं की उंदीर आला, आणि उंदीर आला की मांजर आलंच. दुपारी जरा कामं आवरली की आपण उंबऱ्यात विणायला बसतो आणि मनी येऊन मांडीला चिकटते. म्हणजे ह्या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच बाईच्या हाताखाली चालतात. म्हणून त्या एकत्रच बोलूया.

आधी विणकामाचं. आपण विणतो ते जास्त करून दुसऱ्याला द्यायला. त्यात सगळ्यात मानाचा आपला बाळंतविडा. टोपडं, कुंची, झबली, दुपटं, लाळेरं, पायमोजे. लेकीचं किंवा भाचीचं बाळंतपण जवळ आलं की आई, मावशी, आत्या सगळ्या कामाला लागतात. आज दुकानात सगळं तयार मिळतं, पण दुकानातलं झबलं फाटलं की पोछ्याला जातं आणि आजीनं विणलेली कुंची पेटीत डांबरगोळी घालून वीस वर्षं राहते. पाचवीला आपण जिला पुजतो ती सटवाई म्हणजे षष्ठी देवीचंच रूप असं मानतात. आणि बंगालमध्ये ह्या षष्ठीचं वाहन कोण, माहीत आहे? मांजर! म्हणजे बाळ आणि मांजर यांचं नातं फार जुनं आहे. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

'क्रोशा' हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ लहान आकडा. शब्द बाहेरचा, पण साखळी, खांब, उलट, सुलट हे आता आपलंच झालं. बायकांना शिवण, भरतकाम, विणकाम शिकवून त्यांच्या पायावर उभं करावं हा विचारही महाराष्ट्रात जुना आहे. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू केलं, तिथं लिहिणं-वाचणं शिकवायचे आणि शिवणकलाही. त्यांना ठाऊक होतं की बाईच्या हातात अक्षर पाहिजे आणि चार पैसेही पाहिजेत.

आता बाळासाठी विणताना पाळायच्या गोष्टी. दुकानात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. धुवायला सोपी, रंग पक्का, किंमत परवडणारी. पण ती आगीजवळ वितळते आणि कातडीला चिकटते. चुलीजवळ बसणाऱ्या बाळंतिणीच्या घरी हे सांगायलाच पाहिजे. गरम भांडी धरायचे रुमाल ॲक्रिलिकचे कधीच विणू नका, त्याला सुतीच दोरा. बाळाचं झबलं उन्हाळ्यात वापरायचं असेल तर तेही सुतीच विणा. सुतासाठी आपल्याला लांब जायला नको, इचलकरंजी शेजारीच आहे.

मोठी भोकं पडतील अशी जाळी बाळाच्या मोज्यांना नको, बोटं अडकतात. आत लोंबणारा धागा ठेवू नका, तो बोटाला गुंडाळला जातो. गळ्याशी लांब नाडी नको. मणी, मोती तर अजिबात नकोत, सुटले की थेट तोंडात जातात. बाळ झोपलं की टोपडं काढून ठेवा म्हणावं, तोंडावर सरकायला नको.

आता मनीकडे वळते. हा भाग नीट ऐका, कारण इथं जीव जाऊ शकतो.

लोकरीचा गुंडा आणि मांजर यांचं चित्र कॅलेंडरवर छान दिसतं. घरात ते छान नाही. हलणारा धागा मांजराला उंदराच्या शेपटीसारखा वाटतो, म्हणून ते झडप घालतं. त्यात त्याची चूक नाही. पण मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते सगळे घशाच्या दिशेनं वळलेले असतात. धागा एकदा जिभेवर गेला की त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो.

पुढं काय होतं ते आपल्या भाषेत सांगते. परकराच्या नेफ्यात नाडी घालतो आणि एक टोक धरून ओढतो, तेव्हा काय होतं? कापडाच्या चुण्या पडतात. तसंच. धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, दुसरं आतड्यात पुढं पुढं जातं. आतड्याच्या चुण्या पडतात आणि ताणलेला धागा आतडं आतून कापत जातो. धाग्याला सुई असेल तर विचारायलाच नको.

लक्षणं अशी : मांजर सारखं ओकतं, खाणं सोडतं, कोपऱ्यात दबून बसतं, पोटाला हात लावू देत नाही. कधी तोंडातून नाहीतर मागून धागा लोंबताना दिसतो. तो दिसला तरी ओढायचा नाही! ओढला की आतलं आतडं फाटतं. एरंडेल पाजायचं नाही, तूप पाजायचं नाही. मांजराला टोपलीत घालून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं, आणि वेळेत नेलं तर मांजर वाचतं. कुठं न्यायचं कळत नसेल तर पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल फ्री नंबर भिंतीवर लिहून ठेवा. गायी-म्हशींसाठीही तो लागतोच.

हे सगळं टाळायला एक झाकणाचा डबा पुरतो. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या. झाकणाला भोक पाडून कडा घासून गुळगुळीत करा. गुंडा आत, धागा भोकातून बाहेर. उठताना सुई, कात्री, विणलेला तुकडा, सगळं आत आणि झाकण बंद. उठताना सुया मोजायच्या. कापलेले धागे जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, शेजारी एक वाटी ठेवायची आणि त्यात टाकायचे. मनीला खेळायला काही पाहिजेच असेल तर घट्ट विणलेला, टोकं आत लपवलेला, मुठीएवढा चेंडू द्या. तो उसवायला लागला की टाकून द्या.

मांजराबद्दल आणखी थोडक्यात. माणसांची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला विष आहे. अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. दूध मांजर आवडीनं पितं, पण मोठ्या मांजराला ते बहुतेक वेळा पचत नाही, जुलाब होतात. पाण्याची वाटी मात्र कायम भरलेली ठेवा. मांजर चावलं किंवा बोचकारलं आणि रक्त आलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं. हळद, चुना लावून घरात बसायचं नाही. गरोदर बाईनं मांजराची घाण काढू नये, ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, तेही रोजच्या रोज. त्यातून एक आजार होतो, तो पोटातल्या बाळाला बाधतो. पण त्यासाठी मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही. हात धुतले, मटण नीट शिजवलं, भाजी नीट धुतली की झालं.

आणि ऑर्डरचा माल मांजराच्या घरातून जातो हे विसरू नका. विणून झालं की धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि लगेच पिशवीत बंद करायचं. नवजात बाळाच्या कुंचीवर मांजराचा केस दिसला की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

आता मूळ मुद्दा, पैशाचा.

आपलं जयसिंगपूर वसलंच बाजारासाठी. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी व्यापारपेठ म्हणून हे गाव वसवलं आणि वडिलांचं, जयसिंगरावांचं, नाव दिलं. म्हणजे या गावाला भाव करणं शिकवायला नको. पण विणकाम विकताना आपली जीभ अडखळते. "काय द्यायचं ते द्या वहिनी, बसल्या बसल्या केलंय." हे 'बसल्या बसल्या' आपल्याला बुडवतं!

आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस पुढं परदेशात जायला लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाई तिथं गेल्या, बायकांच्यात बसून त्यांनी हिशेब मांडला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना काय दिसलं? बायका घरचं सगळं करून वर रोजचे सहा-आठ तास लेस विणत होत्या. पण त्यांना कामगार कुणी म्हणेना. त्या 'गृहिणी', रिकाम्या वेळात विणतात, असंच सगळे म्हणायचे. म्हणून मिळकत शेतमजुरीपेक्षाही कमी, आणि व्यापारी मात्र मोठे झाले. लेस जगभर गेली, विणणारी उंबऱ्यातच राहिली. हे आपल्याकडे होऊ द्यायचं नसेल तर हिशेब आपणच मांडायचा.

उदाहरण घेऊ. समजा एका कुंची-टोपड्याच्या जोडीला लोकर १२० रुपयांची, बटणं-लेस १५ ची. विणायला ९ तास. तासाला ४० रुपये धरले तर ३६० मजुरी. एकूण ४९५. आपण किती सांगतो? २००! म्हणजे ९ तासांचे आपल्याला ६५ रुपये उरले. तासाला सात रुपये आणि वर काही पैसे. एवढ्या पैशात कुणी भांगलायला तरी जाईल का?

म्हणून गटाच्या वहीत एक पान विणकामाचं काढा. तारीख, लोकर किती ग्रॅम, किती रुपये, तास किती, किंमत काय ठरली. तास लिहायचे म्हणजे लिहायचेच. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की वही दाखवायची, भांडण करायचं नाही. आणि गटातल्या सगळ्या जणींनी एकच भाव सांगायचा. एकीनं पाडला की दहा जणींचा पडतो.

मग भेटीचं काय? भाचीच्या बाळाला विणलेल्या झबल्याचेही पैसे धरायचे? नाही. भेट ती भेट. पण भेट कुठली आणि ऑर्डर कुठली हे आपण ठरवायचं, समोरच्यानं नाही. "तुमचा हात चांगला आहे हो, नणंदेच्या शेजारणीसाठी एक करून द्या की," ही ऑर्डर आहे. हसून भाव सांगायचा.

आणि जिथं द्यायचं तिथं मोकळ्या हातानं देऊया. चेन्नईच्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटानं २०१६ च्या जानेवारीत देशभरच्या बायकांकडून चौकोन मागवून, ते जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं. जगातलं सगळ्यात मोठं म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. नंतर ते सुटं करून गरजूंना वाटलं.

आपल्याला विक्रम करायचा नाही. पण २००५, २०१९, २०२१ चा पूर आपण विसरलेलो नाही. निवारा केंद्रात ओल्या अंगानं पोरं काखेत घेऊन बसलेल्या बायका आपणच होतो. गटात १२ जणी असतील तर प्रत्येकीनं आठ इंचाचे ४ चौकोन विणायचे. झाले ४८. सहा आडवे, आठ उभे जोडले की चार फूट रुंद आणि पाच फूट चार इंच लांब असं पांघरूण होतं. उरलेल्या लोकरीतून होतं, वेगळा खर्च नाही. पावसाळ्याआधी ते प्रभागसंघाकडे जमा करायचं.

आणि पुरात घर सोडताना मनीचीही सोय आधीच करून ठेवा. झाकणाची टोपली किंवा भोकं पाडलेला मजबूत खोका माळ्यावर तयार असू दे, कारण पाणी चढताना मांजर हाताला लागत नाही. न्यायला जमलंच नाही तर खोलीत कोंडू नका, वर चढायची वाट मोकळी ठेवा.

तर पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामं. घरात झाकणाचा डबा. वहीत तासांचं पान. आणि प्रत्येकीचे चार चौकोन. सीआरपी ताईंनी बैठकीत विचारायचं, कुणाचं झालं, कुणाचं राहिलं.

शेवटी एवढंच. "काय करता?" असं कुणी विचारलं तर "काही नाही, घरीच असते" म्हणू नका. "विणकाम करते" असं सांगा. आणि कितीला म्हणून विचारलं, तर वही उघडा.