घोड्यांचे आजोळ

१९४५ साली इंग्लंडमधल्या लिलावात वर्षभराच्या एका शिंगराला २८,००० गिनींची बोली लागली. तिथल्या बाजारात त्या वयाच्या घोड्यासाठी तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. घेणारे होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. त्यांनी शिंगराला आजोबांचेच नाव दिले, सयाजीराव. १९४७ मध्ये या सयाजीरावाने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर या दोन्ही शर्यती मारल्या.

एवढी बोली चढली ती घराण्याच्या नावावर. त्याचा सख्खा भाऊ डान्टे त्याच वर्षी डर्बी जिंकला होता आणि बाप होता निआर्को, चौदा शर्यतींत एकदाही न हरलेला इटालियन घोडा. निआर्को १९३८ मध्ये ६०,००० पौंडांना विकला गेला. दुसऱ्या महायुद्धात न्यूमार्केटला त्याच्यासाठी बॉम्बहल्ल्यापासून बचावाचा खास आडोसा बांधला होता.

या निआर्कोचे आजोळ मात्र अगदी स्वस्तात मिळालेले. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धामुळे बाजार पडलेला असताना, इटलीचा अश्वपैदासकार फेदेरिको टेसिओने न्यूमार्केटच्या लिलावात कॅटनिप नावाची घोडी अवघ्या ७५ गिनींना घेतली. तिची मुलगी नोगारा, आणि नोगाराचा मुलगा निआर्को. टेसिओची नजर खरी पारखी होती.

थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या या घोड्यांच्या जातीचा, इतिहास बहुधा बापांच्या नावाने सांगितला जातो. बायरली टर्क, गोडॉल्फिन अरेबियन आणि १७०४ मध्ये अलेप्पोहून इंग्लंडला आणलेला डार्ली अरेबियन हे तीन मूळपुरुष. आजच्या बहुतेक सगळ्या थरोब्रेडचे पितृकुळ डार्ली अरेबियनपर्यंत पोचते, तेही प्रामुख्याने एक्लिप्समुळे. १७६४ च्या सूर्यग्रहणात जन्मलेला हा घोडा अठरा शर्यती धावला आणि अठराही जिंकला. नराची वर्षाला शंभराहून जास्त शिंगरे असू शकतात. घोडी अकरा महिने पोटात वाढवून एकच देते. त्यामुळे नराचे नाव सर्वदूर जाते, घोडीचे मागे पडते. हा अन्याय आहे.

नटाल्मा या घोडीचेच पाहा. १९६० मध्ये गुडघा दुखावला, धावणे संपले, म्हणून हंगामाच्या अगदी शेवटी तिला निआर्कोच्या मुलाकडे, निआर्क्टिककडे, नेले. मे १९६१ च्या अखेरीस कॅनडात शिंगरू झाले. ते उशिराचे आणि चणीने लहान. वर्षाचे झाल्यावर २५,००० डॉलरला विक्रीस काढले, तर गिऱ्हाईक मिळेना. तोच नॉर्दर्न डान्सर. १९६४ ची केंटकी डर्बी त्याने बरोब्बर दोन मिनिटांत जिंकली, तेव्हाचा तो विक्रम. पुढे त्याच्याकडून एक घोडी फळवून घेण्याची फी दहा लाख डॉलरपर्यंत गेली.

मुलींकडून वारसा कसा चालतो, ते सेक्रेटेरिएट या अमेरिकन घोड्यात दिसते. त्याने १९७३ ची बेलमाँट शर्यत एकतीस लांबींनी जिंकली. त्याच्या मुलग्यांतला कुणी बापाच्या तोडीचा निघाला नाही, पण एका मुलीच्या पोटी स्टॉर्म कॅट आला, दुसरीच्या पोटी ए. पी. इंडी. अमेरिकेतल्या पुढच्या कितीतरी विजेत्यांचे हे दोघे बाप-आजे.

आणि फ्रँकेल! २०१० ते २०१२ दरम्यान चौदा शर्यती, चौदा विजय. त्याच्या वंशावळीत वडिलांकडून नॉर्दर्न डान्सर आहे, आईकडूनही आहे. शिवाय आईचा बाप डेनहिल याच्या आजोळी नटाल्माची मुलगी स्प्रिंग अड्यू आहे. म्हणजे जायबंदी गुडघ्याची ती घोडी एका फ्रँकेलच्या वंशावळीत निदान तीनदा येते.