आमच्या पोरीला विमान चालवायचंय

आम्ही धुळे तालुक्यातल्या एका महिला मंडळाच्या बायका. विषय ऐकून कुणी म्हणेल, कापूस वेचणाऱ्या बायकांचं विमानाशी काय देणंघेणं? तर देणंघेणं आहे. गोंदूरच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं आम्ही रोज बघतो. आता आमच्याच मंडळातल्या एकीच्या लेकीला विमान चालवायला शिकायचंय. त्यासाठी तीन एकर रान गहाण टाकायचं का, हा प्रश्न बैठकीत आला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून चौकशी केली. त्यातलं तुमच्या उपयोगाचं आज सांगतो.

शिकाऊ विमान एकाच जागी घिरट्या का घालतं? शिकणारा उडतो, चार वळणं घेतो आणि त्याच पट्टीवर चाकं टेकवतो. टेकवली की पुन्हा उडतो. उडण्यापेक्षा उतरणं अवघड, म्हणून तेच शंभरदा घोटून घ्यायचं. हे बहुधा सकाळी चालतं, कारण तेव्हा हवा शांत असते. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापली की गरम हवा वर चढते आणि लहान विमान बैलगाडीसारखं हिसके खातं.

इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली येतं, असं आम्हालाही वाटायचं. तसं नसतं. विमानाला पंख उचलून धरतात, इंजिन फक्त पुढे ओढतं. सेसना १७२ हे चार जणांचं विमान १९५६ पासून बनतंय आणि शिकवायला जगभर वापरतात. ते एक किलोमीटर उंचीवर असताना इंजिन थांबलं, तरी शांत हवेत साधारण आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. तेवढ्यात वैमानिकानं सपाट रान हेरायचं. ते रान तुमचंही असू शकतं. तसं झालं तर ११२ ला फोन करा, विडी-काडी पेटवू देऊ नका आणि पुढच्या पंख्याजवळ पोरांना फिरकू देऊ नका. पंखा थांबलेला दिसला तरी हात लावायचा नाही.

आता परवान्याचं. परवाने दोन तऱ्हेचे आहेत आणि आईबापांची फसगत इथंच होते. पहिला खासगी वैमानिकाचा. त्याला वय १७ पूर्ण, दहावी पास, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा आणि निदान ४० तास उड्डाण लागतं. यावर स्वतःचं किंवा क्लबचं विमान हौसेनं चालवता येतं, पण भाडं किंवा पगार घेता येत नाही. नोकरीसाठी दुसरा, व्यावसायिक परवाना लागतो. त्याला वय १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि २०० तास उड्डाण. याचा खर्च हल्ली ४० लाखांच्या पुढेच धरायचा.

स्वतःचं लहान विमान घ्यायचं म्हटलं तर? घेणं एक आणि पाळणं दुसरं. बैल बसून असला तरी चारा खातो, तसंच विमानाचं. ते उडो न उडो, हँगरचं भाडं, विमा आणि वर्षाची तपासणी चुकत नाही. शिवाय ठरावीक तास उडालं की परवानाधारक इंजिनिअरनं ते उघडून तपासायचं. नोंदणी झाली की अंगावर 'व्हीटी' अक्षरांनी सुरू होणारा नंबर येतो. बऱ्याच लहान विमानांना वेगळं पेट्रोल लागतं, ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणून सामान्य माणसाला परवडणारा रस्ता म्हणजे क्लब. विमान सगळ्यांचं, आणि ज्यानं जितके तास उडवलं त्यानं तितके पैसे द्यायचे. जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा आहे. आपण बचत गटवाल्या बायका, आपल्याला हा हिशोब कुणी शिकवायला नको.

आता त्या लेकीचं. एका संस्थेचा माणूस घरी येऊन सांगून गेला, दीड वर्षात परवाना, लगेच नोकरी, आजच पैसे भरा. आम्ही चार जणी तिच्या आईबरोबर गेलो आणि पाच प्रश्न विचारले. उडण्याच्या स्थितीत विमानं किती? शिकवणारे किती आणि शिकणारे किती? मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण व्हायला खरोखर किती महिने लागले? फी हप्त्यानं घेता का? मधेच सोडलं तर न उडालेल्या तासांचे पैसे लेखी करारानं परत मिळतात का? दोन प्रश्नांना उत्तर आलं, तिनांना चहा आला. आम्ही चहा पिऊन परत आलो.

मंडळानं मग क्रम ठरवला. आधी डॉक्टरी तपासणी, कारण त्यात नापास झालं तर भरलेली फी वाया. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही, पण रंग नीट ओळखता यावे लागतात. मग लेखी परीक्षा. हवामान, दिशा, नियम यांचा अभ्यास घरी बसून होतो, त्याला रान गहाण टाकावं लागत नाही. सरकारी मदतही विचारावी. 'महाज्योती'नं इतर मागासवर्गातल्या मुलामुलींसाठी असं प्रशिक्षण राबवलं आहे. जाहिरातीवर लक्ष ठेवायचं.

"पोरीच्या जातीला कशाला हे?" असंही गावात बोलले. त्यांना आम्ही सरला ठकराल सांगितल्या. १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून त्यांनी लाहोरला एकटीनं विमान उडवलं. घरी चार वर्षांची लेक होती. आणि मुंबईच्या आरोही पंडितनं मे २०१९ मध्ये इवल्याशा विमानातून एकटीनं अटलांटिक महासागर ओलांडला.

आमची पोर तपासणीत पास झाली. पहिला पेपर येत्या परीक्षेत देणार आहे. रानाचा उतारा अजून आईच्या पेटीत आहे. पेपर निघाले, करार हातात आला, की मंडळ पुन्हा बसेल आणि तेव्हा कर्जाचं बोलेल. तुमच्या गावात अशी कुणी पोर असेल तर तिला हसू नका आणि तिच्या आईला घाईत सही करू देऊ नका. पाच प्रश्न लिहून ठेवा.