आखूड नळी मोकळी सोडावी का?



ज्ञानसत्रात बंदुकीचा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. त्यांना दिलासा देतो. आजचा बहुतेक वेळ एका टोकाला घट्ट धरलेली पोलादी नळी किती वाकते, याच हिशेबात जाणार आहे.

वस्तू अमेरिकेतली आहे. युजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात आर्मालाइट कंपनीत एआर-१५ रायफल घडवली. तिच्याच धर्तीवर, पण आखूड नळी घालून आणि खांद्याला लावायचा दस्ता न बसवता मुळातच जे शस्त्र घडवतात, त्याला तिथला कायदा पिस्तूल म्हणतो. दस्ता असलेल्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर १९३४च्या कायद्याने तिची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. ती टाळायची म्हणून दस्ताच नाही! दिसायला रायफल, कागदावर पिस्तूल. आपल्याकडे हा प्रकार नागरिकाच्या हाती दिसायचा नाही. पण त्याच्या मालकांना पडलेला एक प्रश्न मला फार आवडतो: इतक्या आखूड नळीला फ्री फ्लोट हँडगार्ड बसवून काही पदरात पडते का?

हँडगार्ड म्हणजे नळीभोवतीचे, हाताने धरायचे आवरण. मूळ रचनेत त्याची दोन अर्धुके असतात. मागून त्यांना स्प्रिंगची कडी दाबून धरते, पुढून एक टोपी, आणि ती टोपी थेट नळीवर बसलेली असते. त्यामुळे पट्टा ताणून धरला, किंवा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर दाबला, की तो जोर नळीपर्यंत पोहोचतो. नळी केसभर झुकते आणि गोळी दुसरीकडे लागते. फ्री फ्लोट हँडगार्ड फक्त मागच्या बाजूला, नळी रिसीव्हरला, म्हणजे यंत्रणेच्या सांगाड्याला, आवळणाऱ्या नटावर धरलेला असतो. पुढे तो नळीला कुठेच शिवत नाही. अर्थात नळीतला वायू यंत्रणेकडे वळवणारा गॅस ब्लॉक आणि त्या वायूची बारीक नळी तरीही चिकटलेलीच असतात. तेव्हा ‘मोकळी’ हे थोडे कौतुकाने म्हणायचे.

नळीला काही टेकणे हाच दोष, असे मात्र समजू नका. ली-एन्फील्डचेच पाहा, आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली .३०३. तिच्या नळीला जवळजवळ तोंडापर्यंत लाकडाचे आवरण. त्यातल्या नंबर ४ प्रकारात तर लाकडाने नळीला टोकाशी मुद्दाम वर रेटावे, अशीच बैठक करत. बारीक नळी अशा ठरावीक दाबाखाली चांगली वागते. घोटाळा होतो तो दाब बदलला की. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि बसवलेला नेम हलतो. म्हणून आजच्या स्पर्धेच्या रायफलींत नळी मोकळी ठेवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर प्रकारात दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना पट्टा चांगलाच ताणलेला असतो. तो ताण नळीवर गेला तर दहाचे नाव नको.

आता आखूड नळीचा हिशेब. बांबूचे टोक सहज वाकते, त्याच बांबूचा हातभर तुकडा वाकवून दाखवा! जोर तोच ठेवून तो जिथे लागतो ते अंतर निम्मे केले, तर त्या जागी नळीचे सरकणे एक अष्टमांश होते आणि तिरपेपणा एक चतुर्थांश. गोळी कुठे जाणार हे मुख्यतः तिरपेपणा ठरवतो, म्हणून चतुर्थांश लक्षात ठेवा. लांब रायफलीचा हँडगार्ड साधारण १२ इंचांचा, आखूड पिस्तुलांचा ७ किंवा ४ इंचांचा. शिवाय कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. आखूड नळी थोडी जाड असली तर वाकण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतोच.

एक गोष्ट मात्र उलट बाजूची. पुढची साइट नळीवर असली, तर नळी झुकताना तीही झुकते आणि चूक थोडीफार भरून निघते. नेमासाठी लाल ठिपका दाखवणारा रेड डॉट मात्र बसतो रिसीव्हरवर. पुढे नळी कुठे वळली याची त्याला वार्ताही नसते. तरी त्याचा ठिपका बहुधा कोनाच्या २ मिनिटांचा, म्हणजे १०० मीटरवर पावणेसहा सेंटिमीटर झाकणारा. या शस्त्राचा वापर बहुतेक त्या अंतराच्या आतच होतो. मग मोकळ्या नळीचा सूक्ष्म फायदा ठिपक्याखालीच दडतो. नेमासाठीच पैसे घालायचे असतील, तर मी ते चांगल्या नळीत, हलक्या आणि स्वच्छ सुटणाऱ्या चापात आणि काडतुसांत घालीन.

मग लोक फ्री फ्लोट घेतात ते चुकतात का? नाही, बहुतेकांचे कारण दुसरे असते. चार इंचांच्या हँडगार्डवर हात ठेवायचा कुठे आणि टॉर्च लावायचा कुठे? अमेरिकी सैन्याच्या एमके १८ कार्बाइनची नळी १०.३ इंचांची. आधी तिच्यावर नळीला टेकणारी आखूड रेल (टॉर्चसारखे सामान लावता येणारा हँडगार्ड) होती, पुढे लांब फ्री फ्लोट रेल आली. गॅस ब्लॉकच्या पुढे जाणारा हँडगार्ड नळीवर टेकवता येत नाही, तो मागूनच धरावा लागतो. म्हणजे लांब पकड हवी तर मोकळी नळी आपोआप मिळते. फक्त बोटे नळीच्या तोंडापुढे जाऊ नयेत म्हणून पुढे एक अडसर लावावा, तिथे कंजुषी नको.

ज्याच्याकडे असे शस्त्र आहे, त्याने आधी रेंजवर पाहावे. एकच काडतूस, एकच अंतर. पाच गोळ्या हँडगार्ड अलगद टेकवून, पाच पट्टा जोरात ताणून. दोन्ही पुंजक्यांचे मध्य ठिपक्याच्या रुंदीपेक्षा जास्त दूर पडले, तर नवा हँडगार्ड घ्या. एकमेकांवरच पडले, तर दुकानदाराला नमस्कार करून घरी या.