इंजिनघरातली माणसं

५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली याच दिवशी सिंदिया या जहाज कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. कंपनीचे एक संस्थापक वालचंद हिराचंद आपल्या शेजारच्या सोलापूरचे. आणि आपल्या तेर गावचं कापड तर दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात होतं. तेव्हा समुद्र आपल्याला परका नाही.

मला बोलायचंय ते बोटीच्या पोटातल्या माणसांविषयी. इंजिनघर पाण्याच्या पातळीखाली असतं. तिथं इंजिनियर, तेलवाला आणि भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला चार-चार तासांची पाळी करत. भारतीय मुलांना इंजिनियरीचं शिक्षण 'डफरिन' या शिक्षणनौकेवर १९३५ पासून मिळू लागलं. तोवर इंजिनियर बहुतेक गोरे, भट्टीपुढं मात्र आपली माणसं. युद्धात शत्रूचा टॉर्पेडो येतो पाण्याखालून. वाफेचे नळ फुटतात, दिवे जातात, आणि वर यायला असतात उभ्या लोखंडी शिड्या, त्याही तापलेल्या. अशा वेळी गोरा-काळा भेद उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, २० नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' ही बोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. २३ तारखेला अपरात्री जपानी पाणबुडीनं तिच्यावर टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेले काही जण परत बोटीवर चढले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला. बोटीवरच्या ९५८ जणांपैकी २८० गेले. तळाच्या कोठारात चांदीच्या २,३६४ विटा होत्या. २०१७ साली त्या समुद्रतळावरून वर काढल्या गेल्या, त्यांच्या मालकीचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विटेविटेचा हिशोब लागला. माणसं तिथंच राहिली.

त्या युद्धात समुद्रात बळी गेलेल्या सुमारे सहा हजार भारतीय व्यापारी खलाशांची नावं एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईला, मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये, दुसरी चित्तगावला.

खलाशी आपला नोकरीचा दाखला पत्र्याच्या नळीत जपत, म्हणून त्या दाखल्यालाच 'नळी' म्हणत. तुमच्या घरात, आजोळी, कुणाच्या जुन्या ट्रंकेत अशी नळी सापडली तर ती भंगारात घालू नका. आतला कागद हलक्या हातानं उलगडा, बोटीचं नाव आणि तारीख वाचा, आणि आपला माणूस त्या युद्धातून परतला नसेल, तर मुंबईला जाल तेव्हा त्या वहीत त्याचं नाव शोधा.

नमस्कार.